एकाच्या आकड्यातली सरस्वती

विजयादशमीच्या सकाळी ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या टिळक चौकाच्या आसपास किंवा डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत जावे, मराठी घरांतून एक दृश्य अजून पाहायला मिळते. पाटावर एक पाटी मांडलेली असते. तिच्या शेजारी दोनचार पुस्तके, घरात असेल तर पेटी किंवा तबला, झेंडूची फुले आणि आपट्याची पाने. पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीने काढलेली एक आकृती असते. तिला डोळे नाहीत, चेहरा नाही, वीणा नाही. देवनागरी एकाचे आकडे रांगेने मांडायचे, त्यांची टोके रेषांनी जोडायची आणि त्या जोडणीतून आकृती उभी करायची, एवढीच तिची रीत. घरोघर तिच्यात थोडाफार फरक असतो. आजोळची एक, सासरची दुसरी. परंतु आकृती पाहताच कोणीही मराठी माणूस सांगतो, ही सरस्वती.

जगात विद्येची आणि कलेची रूपकचित्रे पुष्कळ आहेत. त्यांतली बहुतेक थोर चित्रकारांनी काढली आणि राजवाड्यांच्या वा विद्यापीठांच्या भिंतींवर लावली गेली. महाराष्ट्राने मात्र आपले रूपकचित्र सहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिले. ते वर्षातून एकदा काढायचे, पुजायचे आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून टाकायचे. कलेच्या इतिहासाच्या ग्रंथांत या चित्राला जागा मिळालेली फारशी दिसत नाही, याचे नवल वाटते.

रूपक म्हणजे काय, हे या पट्ट्यातल्या नोकरदाराला शिकवावे लागू नये. तो रोज एका रूपकाखालून ये-जा करतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. या मार्गाच्या मुंबईकडच्या टोकाला उभ्या राहिलेल्या भव्य स्थानकाच्या घुमटावर ब्रिटिशांनी एक स्त्रीमूर्ती बसवली. एका हातात उंचावलेली मशाल आणि दुसऱ्या हाताशी चाक. ती ‘प्रगती’. खालच्या दर्शनी भागावर अभियांत्रिकी, व्यापार आणि शेती यांचीही शिल्पे आहेत. शिल्पकाम उत्तम आहे यात शंका नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणारी ती वास्तू २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिच्या घडणीत मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. तथापि डोंबिवलीहून सकाळची जलद गाडी धरणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांनी मान वर करून त्या मूर्तीच्या हातात काय आहे ते पाहिले असेल? ते रूपक परक्या सत्तेने आपल्या समाधानासाठी उभारले होते. लोकांनी ते वाचावे अशी त्याची अपेक्षाच नव्हती. रूपकाचे आयुष्य वाचणाऱ्यावर अवलंबून असते. वाचणारा गेला की उरतो तो दगड.

याच्या उलट उदाहरण १९०५ सालचे. वंगभंगाच्या वर्षी अवनींद्रनाथ ठाकुरांनी भारतमातेचे चित्र काढले. भगव्या वस्त्रातल्या त्या मातेच्या चार हातांत पोथी, धान्याच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ आहे. विद्या, अन्न, वस्त्र आणि दीक्षा. शस्त्र एकही नाही. भगिनी निवेदितांनी त्या चित्राचे महत्त्व तत्काळ ओळखले. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही त्या चार हातांचा अर्थ लागत होता, कारण त्या वस्तू त्याच्या घरातल्याच होत्या. त्याआधी अकरा वर्षे, १८९४ मध्ये, राजा रविवर्म्याने मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेली, मोराच्या सान्निध्यात वीणा वाजवणारी सरस्वती चौकटीत बसून घराघरांच्या भिंतींवर पोहोचली. विष्णुदास भाव्यांच्या खेळांपासून कोकणातल्या दशावतारापर्यंत मोरावरची सरस्वती रंगभूमीवर नाचत येत असे. रविवर्म्याने तिला साडी नेसवून घरात आणले. त्या चित्राचे ऋण मोठे आहे. पण छापील चित्राची एक मर्यादाही आहे. ते पाहायचे असते, काढायचे नसते.

पाटीवरची सरस्वती काढावीच लागते, आणि तीही एकापासून. हा ‘एक’ आला कुठून, हे पाहायला कल्याणकरांना फार लांब जायला नको. कल्याण हे सातवाहनकाळी नामांकित बंदर होते. तिथे उतरलेला माल जुन्नर-पैठणकडे ज्या वाटेने चढत असे, ती वाट मुरबाडवरून नाणेघाटाने जाते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या त्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या दानांची मोजदाद आहे. भारतातल्या अंकचिन्हांचे जे अगदी जुने पुरावे आजवर सापडले, त्यांत या लेखाची गणना होते. तिथला एक म्हणजे केवळ एक आडवी रेघ. शतकानुशतके लेखणीच्या ओघात ती रेघ वळत गेली, तिला गोलवा आला, शेपूट आले, आणि आजचा देवनागरी एक तयार झाला. त्याच कुळातले अंक अरबांच्या मार्फत युरोपला गेले, तिथे त्यांनी दुसरा वेष घेतला आणि छापील पुस्तकांतून परत आले. राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदात त्यांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ म्हटले आहे, ते उगीच नव्हे.

तेव्हा परत आलेल्या अंकांशी वैर धरण्याचे कारण नाही. हिशेब त्यांतच होतात आणि पुढेही होतील. खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो घरातला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांतली मुले गेल्या दोनतीन दशकांत मोठ्या प्रमाणावर इंग्रजी माध्यमात गेली. जी मराठी शाळेत राहिली, त्यांतल्या अनेकांचे गणित सेमी-इंग्रजीच्या वर्गात इंग्रजी आकड्यांत चालते. परिणामी दसऱ्याच्या सकाळी आजी नातवापुढे पाटी ठेवते आणि एक काढायला सांगते, तेव्हा तो उभी दांडी ओढतो. त्या दांडीतून सरस्वती होत नाही. मग आजी स्वतः आकृती काढते, नातू फूल वाहतो, आई भ्रमणध्वनीवर छायाचित्र टिपते आणि ते नातेवाइकांच्या गटात फिरते. काही घरांत तर छापील आकृतीचा तयार कागदच पाटीवर चिकटवला जातो. पूजा यथासांग होते. ज्याने काढायचे तो मात्र काढत नाही.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. शंभर रुपयांची पाटी आणि एक आकडा, त्याचे एवढे काय? पण परंपरा तुटते ती बहुधा अशीच, कोणाच्या आक्रमणाने नव्हे तर आपल्याच घाईने. मूर्ती फोडली गेली तर समाज पेटून उठतो. मुलाला एक काढता येईनासा झाला तर कोणी निवेदन देत नाही.

संतपरंपरेने रूपक कसे हाताळले, याचे सर्वांत उंच उदाहरण ज्ञानेश्वरीच्या आरंभी आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गणेशाचे जे चित्र शब्दांत उभे केले, त्याच्या तोडीचे कलेचे आणि विद्येचे रूपकचित्र अन्यत्र क्वचितच सापडेल. मंगलाचरण म्हणून आपण ते ओलांडून पुढे जातो. थांबून पाहिले तर तो सगळ्या अभिजात परंपरेचा नकाशा आहे. वेद हा त्या गणेशाचा देह, स्मृती हे अवयव, अठरा पुराणे हे रत्नालंकार. चांगली पदरचना हे त्याचे रंगीत वस्त्र. काव्ये आणि नाटके या त्याच्या पायीच्या घागऱ्या, आणि त्यांचा अर्थ हा त्या घागऱ्यांचा नाद. नाटकाला देवाच्या अंगावर जागा देणारा हा तत्त्वज्ञ होता, हे गडकरी रंगायतनात नित्य जाणाऱ्या ठाणेकरांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यापुढचा तपशील अधिक महत्त्वाचा. सहा दर्शने हे या गणेशाचे सहा हात आहेत आणि दर्शनांचे परस्परांशी पटत नाही, म्हणून त्या हातांत आयुधेही वेगवेगळी आहेत. तर्क हा परशू, न्याय हा अंकुश, वेदांत हा मोदक. खंडन झालेले मत म्हणून बौद्धमतही तिथे आहे, तुटलेल्या दाताच्या रूपाने एका हातात धरलेले. ज्याचे खंडन केले त्यालाही ज्ञानदेवांनी चित्रातून काढून टाकलेले नाही. संवाद हा दुसरा, अखंड दात. निर्मळ विवेक ही सरळ सोंड. मतभेद आहेत, आयुधे उगारलेली आहेत, पण देह एकच आहे. हिंदू परंपरा म्हणजे सर्वांनी एका सुरात माना डोलावणे, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी, मग ते तिचे टीकाकार असोत की अभिमानी, हे चित्र एकदा सावकाश पाहावे.

आणि या गणेशाला नमन झाल्यावर ज्ञानदेव लगेच वळतात ते शारदेकडे.

शारदा म्हटले की काश्मीर आठवते. पण काश्मीरच्या शारदेशी ठाण्याचे जुने नाते आहे, हे ठाण्यातच फार थोड्यांना ठाऊक असते. उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. त्यांच्या ताम्रपटांत ठाण्याचा उल्लेख श्रीस्थानक असा येतो आणि शके ९८२ चा लेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर त्यांच्याच काळातले. याच वंशात बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात अपरादित्य नावाचा राजा झाला. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘अपरार्क’ या नावाने प्रसिद्ध असलेली टीका त्याची. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती छापली आहे. राजाने राज्य करता करता धर्मशास्त्रावर मोठा ग्रंथ सिद्ध करावा, ही गोष्टच असामान्य. पण त्याहून विलक्षण असा पुरावा काश्मीरमध्ये जपला गेला. मंख नावाच्या काश्मिरी कवीने आपल्या ‘श्रीकंठचरित’ काव्याच्या पंचविसाव्या सर्गात विद्वानांच्या एका सभेचे वर्णन केले आहे. मंखाचा बंधू अलंकार याच्या घरी ती भरली होती. त्या सभेत कोकणच्या अपरादित्याने पाठवलेला तेजकंठ नावाचा पंडित उपस्थित होता. पुढे काश्मिरी पंडितांमध्ये धर्मशास्त्राचा प्रमाणग्रंथ म्हणून अपरार्क टीकाच मान्यता पावली. ठाण्याच्या खाडीकाठच्या राजाचा ग्रंथ हिमालयात वाचला जात होता. त्या काळी तार नव्हती, आगगाडी नव्हती. होती ती एका भाषेतली विद्या आणि ती घेऊन पायी जाणारी माणसे.

२२ मार्च २०२३ रोजी काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेलगत टिटवाल येथे शारदेचे नवे मंदिर खुले झाले. मूळ शारदापीठ पलीकडे, पाकव्याप्त भागात भग्नावस्थेत आहे. त्या दिवशी काश्मिरी हिंदूंचा नवरेह होता आणि महाराष्ट्रात गुढीपाडवा. डोंबिवलीत त्याच सकाळी स्वागतयात्रा निघाली होती. योगायोग खरा, पण तेजकंठाची आठवण त्या दिवशी कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या चित्ररथावर असती, तर किती शोभली असती!

स्वागतयात्रेचे श्रेय डोंबिवलीला निःसंशय दिले पाहिजे. श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ साली तिथे नववर्षाची पहिली यात्रा निघाली आणि आज ती प्रथा महाराष्ट्रभर पसरली आहे. आदल्या रात्री रस्त्यावर रांगोळीचे गालिचे उमटतात. संस्कार भारतीने रूढ केलेल्या रांगोळीत गोपद्म, स्वस्तिक, शंख, कमळ, सर्परेषा अशी चिन्हे बोटांच्या फटींतून सोडलेल्या रांगोळीने काढली जातात. १९८१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे एक संस्थापक डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे भीमबेटकाच्या शैलचित्रांचा शोध लावणारे चित्रकार-संशोधक. हजारो वर्षांपूर्वी गुहेच्या भिंतीवर रेघ ओढणाऱ्या हातापासून रस्त्यावर रांगोळी घालणाऱ्या हातापर्यंतची साखळी त्यांना दिसत होती. आज त्या रांगोळीभोवती छायाचित्रे घेणाऱ्यांची दाटी होते. तिच्यातल्या सर्परेषेचा किंवा गोपद्माचा अर्थ विचारणारा मात्र विरळा, आणि सांगणारा त्याहून विरळा.

पाटीवरच्या सरस्वतीचे आणखी एक प्रकरण टाळून चालणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये शाळांतून सरस्वतीचे चित्र कशासाठी, ज्यांनी बहुजनांना शिकवले त्या महापुरुषांची चित्रे हवीत, असा सूर एका ज्येष्ठ नेत्याने लावला आणि राज्यात वाद झाला. निषेध झाले, प्रतिनिषेध झाले. त्या गदारोळात मूळ आक्षेपाला उत्तर देण्याचे काम राहून गेले. आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. ज्या समाजाने विद्येची देवता स्त्रीरूपात पाहिली, त्याच समाजाने घरातल्या मुलीच्या हाती पाटी दिली नाही. शूद्र म्हणून बाजूला ठेवलेल्यांच्या हातीही दिली नाही. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी ती दिली, आणि त्यासाठी सावित्रीबाईंनी शेणमातीचा मारा सोसला. आज डोंबिवलीतली कोणतीही मुलगी एकाच्या आकड्यांतून सरस्वती काढते, ती त्या पाटीवर.

उरलेला अर्धा भाग मात्र तपासून पाहावा लागेल. पाटीवरची ही आकृती कोणत्याही एका जातीची कधीच नव्हती. तिला मंत्र लागत नाही, पुरोहित लागत नाही, देऊळ लागत नाही. ज्याला एक काढता येतो त्याला ती काढता येते. सरस्वती हवी की सावित्रीबाई, असा पर्याय उभा करणे म्हणजे देवता आणि तिचे काम करणारी स्त्री यांना भांडायला लावणे. डोंबिवलीच्या नाट्यगृहाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि त्याच्या रंगमंचावर प्रयोगाआधी नटराजाची पूजा होते. तिथे येणाऱ्या प्रेक्षकाला यात विसंगती कधी वाटलेली नाही. जनसामान्यांचे शहाणपण व्यासपीठावरच्या युक्तिवादाहून बरेचदा पुढे असते.

पण केवळ टीकाकारांना उत्तर देऊन सरस्वतीभक्तांची सुटका होत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले. केवळ मराठी ग्रंथ जमवायचे हा निश्चय तेव्हा वेडेपणाचा वाटला असेल. त्याच भाव्यांनी प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला आणि त्याला नाव दिले ‘महाराष्ट्र सारस्वत’. सरस्वतीची याहून चांगली पूजा कोणती? डोंबिवलीत पु. भा. भावे राहिले, शं. ना. नवरे राहिले. कल्याणात घडलेल्या सदाशिव साठ्यांनी गेटवे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवराय घडवला. त्यांचे घराणे मुळात गणेशमूर्ती करणारे, म्हणजे हात मातीत होते आणि तिथून ते ब्राँझपर्यंत पोहोचले. २०१७ साली डोंबिवलीत नव्वदावे मराठी साहित्य संमेलनही भरले. परिसराची ही कमाई मोठी आहे. तरीही वाचनालयात दुपारी जाऊन पाहावे. बहुतेक खुर्च्यांवर निवृत्त माणसे दिसतात. नातवंडे शिकवणीला गेलेली असतात. भाषणात मातृभाषेचा महिमा आणि प्रवेशअर्जावर इंग्रजी माध्यम, ही दुटप्पी रीत विचारांशी बांधिलकी सांगणाऱ्या घरांतही सर्रास दिसते. पोटापाण्याची भीती खरी आहे. तिची टवाळी करू नये. पण इंग्रजी माध्यमाने मुलाला घरी एक शिकवण्यास मनाई केलेली नाही. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अर्धा तास पुरतो.

शारदीय नवरात्रात सरस्वतीचे आवाहन मूळ नक्षत्रावर आणि विसर्जन श्रवण नक्षत्रावर होते. हे दोनतीन दिवस मुलांच्या हाती पाटी देण्याचे. वस्त्यांतल्या अभ्यासिका, संस्कारवर्ग आणि महिला मंडळे यांना त्यासाठी वर्गणी गोळा करावी लागणार नाही. एखाद्या वृद्ध शिक्षिकेला बोलवावे, तिच्या माहेरची आकृती तिने काढावी, दुसरीने आपली काढावी. दोन्हींत फरक का, असे मुले विचारतील. विचारू द्यावे. मोठ्या मुलांना एकदा नाणेघाटात न्यावे. कल्याणहून मुरबाडमार्गे एका दिवसात जाऊन येता येते. लेण्याच्या भिंतीवरची ती आडवी रेघ त्यांना दाखवावी आणि मग त्यांच्या पाटीवरचा एक.

पाडव्याच्या आदल्या रात्रीही एक गोष्ट करण्यासारखी आहे. रस्त्यावरच्या मोठ्या रांगोळीचा एक चौक कार्यकर्त्यांनी कोरा सोडावा, तिथे फक्त एकाच्या आकड्यांची पहिली रांग घालून ठेवावी, आणि पुढची आकृती येणाऱ्या जाणाऱ्या मुलांनी पुरी करावी. वाकडी झाली तर वाकडी. डोंबिवलीत गणेश मंदिराच्या दारापासून फडके रस्त्यापर्यंत कुठेही एवढी जागा सहज निघेल.